चीरचा लीसा आणि मोटारीचा रंग

नैनिताल किंवा अल्मोड्याच्या वाटेवर मे महिन्यात चीर वृक्षाच्या सावलीत मोटार उभी केली, की टपावर मधाच्या रंगाचे काही थेंब सापडतात. पाण्याने ते हलत नाहीत, फडक्याने घासले तर पसरतात आणि चार दिवस ऊन खाल्ले की काचेसारखे कडक होतात. कुमाऊँ-गढवालात या स्रावाला ‘लीसा’ म्हणतात. तो इतका हट्टी का, हे समजण्यास लागणारे बरेचसे रसायनशास्त्र डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत शंभर वर्षांपूर्वीच उलगडले होते. त्या वेळी मोटारीच्या डागाचा विचार अर्थातच कोणाच्या मनात नव्हता.

मराठीत डिंक, चीक आणि राळ असे तीन वेगळे शब्द आहेत आणि हा भेद रसायनशास्त्रालाही मान्य आहे. बाभळीचा डिंक म्हणजे शर्करांच्या लांब साखळ्या. तो पाण्यात विरघळतो. मोहोराच्या दिवसांत आंब्याखालील मोटारीवर पडणारे बारीक चिकट शिंतोडे तर बहुधा झाडाचे नसतातच. ते तुडतुड्यांनी टाकलेल्या गोड स्रावाचे असतात आणि ताजे असताना कोमट पाण्याने जातात. लीसा हा राळेच्या कुळातला. पाण्याशी त्याचे मुळीच सख्य नाही.

डेहराडूनची संस्था १९०६ साली स्थापन झाली. तिच्या आरंभीच्या रसायनशास्त्रज्ञांपैकी एक होते पूरण सिंग. पंजाबी साहित्य त्यांना कवी म्हणून ओळखते. तोक्योत शिकून आलेल्या या कवीने चीरच्या लीशाचे ऊर्ध्वपातन करण्याचा सविस्तर अभ्यास केला होता, हे मात्र फारसे कोणाच्या ध्यानात नसते. सरकारला या कामात रस होता, कारण लीशातून निघणारे टर्पेंटाइन रंग आणि व्हार्निशसाठी लागे व उरणारी राळ साबण आणि कागदाच्या कारखान्यांत खपे. पहिल्या महायुद्धाने ही मागणी आणखी वाढवली. त्याची किंमत कुमाऊँच्या गावकऱ्यांनी मोजली. चराईचे आणि लाकूडफाट्याचे हक्क आक्रसत गेले, चीरची जंगले राखीव झाली आणि १९२१ च्या आंदोलनात त्याच जंगलांना आगी लावल्या गेल्या. लीशासाठी खाचा पाडलेली खोडे पेट घ्यायला वेळ लावत नाहीत.

याच सुमारास, १९१९ साली, जॉन लायनेल सायमनसन डेहराडूनला आले. इंडियन सायन्स काँग्रेसच्या दोन संस्थापकांपैकी ते एक. भारतीय टर्पेंटाइन अमेरिकी किंवा फ्रेंच टर्पेंटाइनपेक्षा हलके मानले जाई. ते सावकाश वाळे आणि मागे चिकट अंश ठेवी. सायमनसन यांनी त्याचे घटक वेगळे केले. चटकन उडून जाणारे पायनीन त्यात तुलनेने कमी निघाले. त्याऐवजी सुमारे १७० अंश सेल्सिअसला उकळणारे कॅरीन भरपूर होते आणि त्याखेरीज २५० अंशांच्याही वर उकळणारे लाँगिफोलीन. लाँगिफोलीनच्या रेणूची गुंतागुंतीची रचना १९५३ पर्यंत निश्चित झाली नव्हती. पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत काम केलेल्या सुखदेव यांनी त्याच्या रसायनशास्त्राचा दीर्घकाळ पाठपुरावा केला.

टपावरचा थेंब याच घटकांचा असतो. लीशात साधारण पाऊण भाग राळ असते आणि ती टर्पेंटाइनमध्ये विरघळलेली असते. उन्हात आधी पायनीन उडते, मग कॅरीन. लाँगिफोलीन रेंगाळते, म्हणून थेंब बराच काळ चिकट राहतो. शेवटी मागे राहतात ती ॲबिएटिक आम्लासारखी राळाम्ले. हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावून ती अधिक कठीण होतात. डाग पहिल्या दिवशी सहज निघतो आणि पंधराव्या दिवशी निघत नाही, याचे कारण एवढेच.

दुसरी बाजू रंगाची. १९२३ साली अमेरिकेत मोटारींवर ‘ड्युको’ हा नायट्रोसेल्युलोजचा रंग आला आणि आठवड्यांचे रंगकाम काही तासांवर आले. आपल्याकडच्या रंगाऱ्यांच्या तोंडी तो शब्द आजही आहे. हा रंग केवळ द्रावक उडून वाळतो, त्यामुळे तोच द्रावक पुन्हा लावला की तो पुन्हा विरघळतो. लीशाचा डाग थिनरने पुसणाऱ्याच्या फडक्यावर डागाबरोबर रंगही येई, तो यामुळे. आजच्या मोटारींवर रंगाच्या वर पारदर्शक लेप असतो. त्याचे रेणू एकमेकांत जाळ्यासारखे गुंफलेले असल्याने तो अल्कोहोलच्या अल्पकाळच्या स्पर्शाला दाद देत नाही; राळ मात्र देते. आयसोप्रोपिल अल्कोहोल या डागावर चालते ते एवढ्या फरकाच्या जोरावर.

म्हणून आधी धूळ धुवावी, कारण खरवडणारी असते ती धूळ. मग अल्कोहोलने भिजवलेले मऊ फडके अर्धा मिनिट डागावर नुसते ठेवावे, न रगडता टिपावे, लगेच पाण्याने धुवून मेण लावावे. नखांचा रंग काढणारे ॲसिटोन व नायट्रोसेल्युलोजचा थिनर दूर ठेवावा. टर्पेंटाइनही थोडक्यात चालते. मात्र दुकानांत त्या नावाने मिळणारे बहुतेक तेल आता खनिज तेलापासून केलेले असते, चीरशी त्याचा संबंध उरलेला नाही. मोटार गॅरेजमध्ये पुन्हा रंगवलेली असेल तर प्रथम दाराच्या आतल्या कडेवर पाहावे. फडक्याला रंग लागला, तर तो ड्युकोच्या घराण्यातला असू शकतो आणि तिथेच थांबावे. राळ निघून गेल्यावरही लेपावर खोलगट वण दिसत असेल, तर त्यावर कोणताही द्रावक चालत नाही. उरतो तो पॉलिशचा मार्ग, आणि पॉलिश दर खेपेला जेमतेम चाळीस-पन्नास मायक्रॉन जाडीच्या त्या लेपातूनच थोडे खरवडून नेते.