काचेच्या भांड्यातील पेशी आणि डॉ. कमल रणदिवे

जिनात उमेदीची वर्षे घालविलेला हमाल पन्नाशीतच म्हातारा दिसू लागतो, आणि कधी तरी आम्हांस विचारतो, की हे म्हातारपण येते तरी कोठून? कामाने माणूस झिजतो म्हणावे, तर सावलीत गादीवर बसणारे शेठजीही म्हातारे होतातच. या प्रश्नाचा माग शरीराच्या अगदी लहान घटकापर्यंत, म्हणजे पेशीपर्यंत, लावता आला तो पेशी शरीराबाहेर काढून काचेच्या भांड्यात जगविण्याची विद्या हाती आली तेव्हाच. ती विद्या मुंबईच्या परळात रुजविणाऱ्या डॉ. कमल रणदिवे यांच्याविषयी आम्ही येथे सांगणार आहोत.

कमलबाईंचा जन्म पुण्यात ८ नोव्हेंबर १९१७ रोजी समर्थांच्या घरी झाला. वडील फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवीत. मुलीने डॉक्टर व्हावे ही त्यांची इच्छा. पण ती वनस्पतींच्या पेशींकडे वळली. लग्नानंतर त्या मुंबईस आल्या आणि टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. वसंत खानोलकरांच्या हाताखाली कामास लागल्या. स्तनाचा कर्करोग कमीअधिक प्रमाणात होणाऱ्या उंदरांच्या चार जाती घेऊन त्यांनी निरोगी स्तनग्रंथींची रचना ताडून पाहिली. १९४९ साली डॉक्टरेट मिळाली, आणि पुढे त्या अमेरिकेत बाल्टिमोर येथे जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत शिकावयास गेल्या.

हे गाय म्हणजे शास्त्रज्ञ खरेच, पण आमच्या दृष्टीने अर्धे कारागीर. पेशींच्या नळ्या सावकाश फिरविणारे यंत्र त्यांनी स्वतः बांधले होते, आणि पेशींच्या खाद्यासाठी कोंबडीचे रक्त ते स्वतः मिळवीत. भांडे धुण्यात किंचित हयगय झाली की जंतू शिरून साऱ्या पेशी मरत. म्हणून त्यांची पत्नी मार्गारेट, जी शस्त्रक्रियेच्या दालनातील परिचारिका होती, तिची स्वच्छतेची शिस्त तेथे फार कामी आली. अशा हातांची नोंद विज्ञानाच्या इतिहासात क्वचितच होते.

याच प्रयोगशाळेत १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स या काळ्या स्त्रीच्या कर्करोगाच्या पेशी आल्या आणि मरेनातच. तंबाखूच्या शेतात वाढलेली ही बाई त्याच वर्षी ३१ व्या वर्षी वारली. पेशी आजही वाढत आहेत. त्या घेताना तिला कोणी विचारले नव्हते. त्यांवर पुढे मोठा व्यापार झाला, आणि वारसांनी एका कंपनीवर लावलेल्या दाव्यात तडजोड झाली ती २०२३ साली!

मग निरोगी पेशीही अशाच अमर असतात काय? अॅलेक्सिस कॅरेल यांनी १९१२ पासून कोंबडीच्या हृदयाच्या पेशी जगविल्याचा दावा केला होता व लोक तोच खरा मानीत. १९६१ साली लेनर्ड हेफ्लिक व पॉल मूरहेड यांनी दाखविले, की माणसाच्या निरोगी पेशी सुमारे ५० वेळा दुप्पट होतात आणि मग थांबतात. मधेच गोठवून ठेवल्या, तरी पुन्हा ऊब मिळताच राहिलेल्या फेऱ्याच तेवढ्या पुऱ्या करतात. प्रत्येक फेरीत गुणसूत्रांची टोके आखूड होतात, हे पुढे उमगले. त्या टोकांच्या संशोधनास २००९ चे नोबेल मिळाले. बहुतेक कर्करोगी पेशी ही टोके पुन्हा भरून काढतात. म्हातारपण व कर्करोग यांचा सांधा येथे आहे, निदान पेशीपुरता तरी.

परदेशातून परतल्यावर कमलबाईंनी परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात पेशी वाढविण्याची, देशातील पहिली म्हणून ओळखली जाणारी प्रयोगशाळा उभारली. त्यासाठी लागणारे पोषक द्रव त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथेच तयार केले. आमच्या मते त्यांच्या दोनशेहून अधिक निबंधांइतकेच मोल या कामाला आहे, कारण खाद्य बाहेरून मागवावे लागते तेथे संशोधन दुसऱ्याच्या मर्जीवर चालते. कर्करोग, पेशीविज्ञान व प्रतिकारशक्ती यांचे विभाग त्यांनी तेथे उघडले, आणि १९६६ ते १९७० त्या केंद्राच्या कार्यवाहक संचालक होत्या. स्तनाच्या कर्करोगाचा आनुवंशिकतेशी संबंध असावा, हे त्यांनी फार आधी मांडले. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले.

निवृत्तीनंतर त्या तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात, राजूरच्या बाजूला, आदिवासी मुलांच्या पोषणाची पाहणी करू लागल्या. ११ एप्रिल २००१ रोजी त्या वारल्या.