पुण्याची चिप, ट्रॉम्बेची चिप

देवळाली कॅम्पात बदल्यांचा हंगाम आला की लॅम रोडच्या बाजूला रद्दीवाल्यांकडे चांगली पुस्तके येतात. लष्करी कुटुंबे सामान हलके करत असतात. काकूलहून इथे आलेल्या तोफखाना प्रशालेमुळे आमच्या गावच्या रद्दीत गणिताची आणि इलेक्ट्रॉनिक्सची पुस्तके जरा जास्तच निघतात. अशाच ढिगांतून, काही वर्षांच्या अंतराने, दोन जाड माहितीपुस्तिका माझ्या हाती लागल्या. एक ब्रिटनच्या इन्मॉस कंपनीच्या ट्रान्सप्यूटरची, दुसरी अमेरिकेच्या इंटेलच्या आय८६० या प्रोसेसरची.

दोन्ही प्रोसेसर केव्हाच इतिहासजमा झाले आहेत. मात्र १९९०च्या आसपास, एकमेकींपासून दीडशे किलोमीटरच्या आत असलेल्या महाराष्ट्रातल्या दोन संस्थांनी महासंगणक बांधायला घेतला, तेव्हा त्यांनी यांपैकी एकेक निवडला. पुण्याच्या सी-डॅकने ट्रान्सप्यूटर घेतला, ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने आय८६०. सी-डॅकच्या ‘परम’ची गोष्ट मराठी वाचकाला ठाऊक असते. भाभा केंद्राच्या ‘अनुपम’चे नाव फार थोड्यांनी ऐकलेले असते. आणि या यंत्रांच्या पोटात कोणती चिप होती, ती का घेतली, घेतली ते बरे झाले का, हे तर कुणी विचारतच नाही. मला तोच प्रश्न महत्त्वाचा वाटतो.

तोफ आणि संगणक यांचे नाते जुने आहे, म्हणून थोडे मागे जातो. तोफेचा गोळा किती कोनात, किती दारूवर, कसल्या वाऱ्यात किती दूर पडेल याची कोष्टके लागतात. अमेरिकी सैन्याला ती हवी होती म्हणूनच १९४५ साली एनियाक तयार झाला. हातयंत्रावर एका मार्गाचे गणित करायला माणसाला वीसेक तास लागत. एनियाक ते अर्ध्या मिनिटात करी. तेव्हापासून हिशेब तोच चालत आला आहे: गणिताला किती वेळ लागतो, आणि तो वेळ केवढ्याला पडतो.

१९८०च्या दशकात भारताला हवामानाच्या अंदाजासाठी महासंगणक हवा होता. मागितला दोन प्रोसेसरांचा क्रे. वाटाघाटींच्या शेवटी मिळाला एका प्रोसेसरचा क्रे एक्स-एमपी, तोही वापरावर देखरेखीच्या अटी घालून. तो दिल्लीत बसला. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेला हवे असलेले यंत्र मिळालेच नाही. या पार्श्वभूमीवर १९८८ साली पुण्यात सी-डॅक उभी राहिली. प्रमुख विजय भटकर, मुदत तीन वर्षांची. इथे एक गोष्ट नेहमी निसटते. नकार मिळाला होता तो तयार पेटीला. पेटीत घालायच्या चिप बाहेरून विकत मिळत होत्या, आणि आपण त्या घेतल्याच. ‘परम’ स्वदेशी होता तो मांडणीत आणि प्रणालीत. त्याचा प्रोसेसर ब्रिटिश होता. ‘अनुपम’चा तर अमेरिकी. यात कमीपणा नाही, पण ते झाकून ठेवले की निवडीचा विचारही झाकला जातो.

ट्रान्सप्यूटरचा टी८०० हा नमुना १९८७चा. त्याची कल्पना साधी आणि सुंदर होती: एकट्याने पळणारा नव्हे, तर शेजाऱ्यांशी बोलणारा प्रोसेसर. चिपवरच चार किलोबाइट स्मृती, अपूर्णांकी गणिताचा विभाग, आणि बाहेर जाणाऱ्या चार जोडण्या. प्रत्येक जोडणीवरून सेकंदाला दोन कोटी बिट. चार बाजूंना चार शेजारी जोडले की जाळे तयार. मधे वेगळी यंत्रणा जवळजवळ लागत नाही. एक काम बाजूला ठेवून दुसरे हाती घ्यायला त्याला साधारण एक मायक्रोसेकंद पुरे. वेग मात्र बेताचा. २० मेगाहर्ट्झच्या चिपसाठी कंपनीचाच दावा सेकंदाला १५ लाख अपूर्णांकी गणितांचा.

आय८६० दोन वर्षांनी, १९८९ मध्ये आला. दहा लाखांहून अधिक ट्रान्झिस्टर. ४० मेगाहर्ट्झला, दुहेरी अचूकतेच्या गणितात, कमाल वेग सेकंदाला सहा कोटी गणिते. म्हणजे कागदावर टी८००च्या चाळीसपट. ‘चिपवरचा क्रे’ अशी त्याची ख्याती होती. मायक्रोसॉफ्टची विंडोज एनटी ही प्रणाली सुरुवातीला याच चिपसाठी लिहिली जात होती, इतका त्याच्यावर भरवसा.

पण पुस्तिका वाचताना मेख कळते. आय८६०चे गणित टप्प्याटप्प्याने चालते, आणि ते टप्पे पुढे ढकलण्याचे काम आज्ञावली लिहिणाऱ्याकडे आहे. पोळ्यांचे उदाहरण घेऊ. एक पोळी लाटली जातेय, एक तव्यावर, एक फुगतेय. नेहमीच्या यंत्रात पोळी भाजली की उतरते. आय८६०मध्ये मागचे नवे उंडे लाटायला घेतल्याशिवाय पुढची भाजलेली पोळी उतरतच नाही. हाताने, एकेक आज्ञा जुळवून लिहिणारे कुशल लोक त्यातून सेकंदाला चार कोटींपर्यंत गणिते काढू शकत. फोरट्रानमध्ये लिहिलेला साधा कार्यक्रम भाषांतरकाकडून, म्हणजे कंपायलरकडून, उतरवून घेतला तर एक कोटी गाठतानाही दमछाक. आणि काम बदलायचे झाले तर वाईटात वाईट वेळी दोन हजार ठोके, म्हणजे ५० मायक्रोसेकंद, वाया.

ट्रॉम्बेचा अनुभव हेच सांगतो. १९९१च्या अखेरचा पहिला ‘अनुपम’ चार आय८६०चा होता. कागदी हिशेबाने त्याने २४ कोटींचा वेग द्यायला हवा. प्रत्यक्ष टिकाऊ वेग मिळाला तो सुमारे तीन कोटींचा. म्हणजे चिपमागे ७५ लाख. टी८००च्या १५ लाखांशी ताडून पाहा: चाळीसपट उरले पाचपट. ट्रान्सप्यूटरचा आकडा कंपनीचा आहे, त्यालाही थोडी काट लावावी लागेल. तरी चाळीस काही परत येत नाहीत.

आता जाळ्याचा हिशेब. तो मी वहीवर करून पाहिला आहे, आणि मला वाटते निवडीचे मर्म त्यात आहे. हवामानाचे गणित म्हणजे नकाशावर चौकटी आखून प्रत्येक बिंदूची गणना करायची. नकाशाचे तुकडे पाडून शेतांसारखे वाटून द्यायचे, एका प्रोसेसरला एक शेत. मात्र बांधावरची माहिती दर फेरीला शेजाऱ्याला कळवावी लागते. समजा शेत ३२ बाय ३२ बिंदूंचे, आणि बिंदूमागे दहा गणिते. टी८००ला एका फेरीला सुमारे ६.८ मिलिसेकंद लागतील. बांधावर ३२ संख्या, म्हणजे २५६ बाइट. त्या जोडणीवरून जायला साधारण ०.१५ मिलिसेकंद, आणि चारही बांधांचे काम एकाच वेळी होते. बोलण्यात वेळ गेला शेकडा दोन. आता त्याच जोडण्यांवर पूर्ण वेगाने धावणारा आय८६० बसवा. गणित ०.१७ मिलिसेकंदात संपेल, बोलणे तेवढेच ०.१५. जवळजवळ अर्धा वेळ शेजाऱ्याच्या निरोपाची वाट पाहण्यात जाईल. वेगवान चिप घेतली की तिच्याभोवतीची वाट, स्मृती, पाट्या, सगळेच महाग करावे लागते.

किंमत म्हणतात ती ही. नुसत्या चिपचा डॉलरमधला भाव नव्हे. (तो भावही आपल्या हाती नव्हता. जुलै १९९१ मध्ये दोन दिवसांच्या अंतराने रुपयाचे अवमूल्यन झाले; २१ रुपयांचा डॉलर २६ च्या घरात गेला. शंभर डॉलरची वस्तू एका आठवड्यात पाचशे रुपयांनी महागली.) तीन वर्षांच्या मुदतीत, महासंगणक कधी न बांधलेल्या तरुण अभियंत्यांना घेऊन काम करायचे होते. जोडायला सोपी, शिकायला सरळ आणि दावा केला तेवढे जवळपास देणारी चिप सी-डॅकने घेतली. १९९१ साली ६४ ट्रान्सप्यूटरांचा ‘परम ८०००’ उभा राहिला आणि त्याचे एक यंत्र मॉस्कोलाही गेले. माझ्या मते तेव्हाच्या परिस्थितीत ती निवड शहाणपणाची होती.

मग ट्रॉम्बेची चूक का? मला तसे वाटत नाही. भाभा केंद्राला यंत्र विकायचे नव्हते, जगाला दाखवायचेही नव्हते. आपल्याच शास्त्रज्ञांची ठरावीक गणिते आपल्याच आवारात करून हवी होती. गणित तेच तेच असेल तर त्याचा गाभा एकदा हाताने घासूनपुसून लिहिता येतो, आणि ज्याची गणिते त्याच्याच शेजारी प्रोग्रॅमर बसलेला असतो. शिवाय चार प्रोसेसरांना जाळे कशाला? एक सामाईक वाट पुरते. तिथे आय८६०च्या पाचपटीला खरी किंमत होती. पुढे त्यांनी आठ, सोळा असे प्रोसेसर वाढवत नेले.

पुण्यानेही नंतर आय८६० घेतलाच. ‘परम ८६००’ मध्ये गणित आय८६०कडे आणि निरोपांची ने-आण ट्रान्सप्यूटरांकडे, अशी वाटणी झाली. कालपर्यंतचा गणिती आज टपालवाला झाला. काहींना यात पहिल्या निवडीचा पराभव दिसतो. मला उलट वाटते: निरोपांचे जाळे आधीच हाती होते म्हणून नवा गणिती त्यावर बसवता आला.

दोन्ही चिप फार जगल्या नाहीत. इन्मॉसचा पुढचा टी९००० इतका रखडला की तो येईपर्यंत जग पुढे गेले. कंपनी १९८९ मध्येच युरोपातल्या एसजीएस-थॉमसनकडे गेली होती. इंटेलने आय८६०चा वंश वाढवला नाही आणि १९९०च्या दशकाच्या मध्यापर्यंत तो मागे पडला. ट्रान्सप्यूटरसाठी घडवलेल्या ऑकम भाषेत जे लिहिले गेले, ते त्याच्याबरोबर गेले. आय८६०साठी हाताने लिहिलेले गाभेही तसेच. टिकले ते फोरट्रान आणि सी भाषांतले कार्यक्रम, ज्यांत निरोप कुणी कुणाला कधी पाठवायचा एवढेच लिहिलेले होते आणि खालची चिप कोणती याचा उल्लेख नव्हता. १९९४ मध्ये अशा निरोपांचे एमपीआय हे जागतिक प्रमाण ठरले. पुण्याने सनचे स्पार्क प्रोसेसर घेतले आणि १९९८ साली ‘परम १००००’ उभा केला; ट्रॉम्बेने अल्फा आणि पेंटियम घेतले.