साष्टीतील शिकार आणि काडतुसाचे माप

बोरिवली-मुलुंडमधल्या डोंगरातून भातखाचरांत उतरणाऱ्या रानडुकरांशी आमच्या ज्ञातिबांधवांचे वैर जुनेच. आज आम्ही मोठ्या मापाच्या विलायती काडतुसांची तुलना हौसेने करतो. वाडवडिलांस मात्र निवडीची मोकळीक नव्हती. 1878 च्या शस्त्र-कायद्याने त्यांस परवाना लागे, युरोपियनांस सूट असे!

'मार्टिनी-हेन्री' या लष्करी बंदुकीची .450 इंची, 480 ग्रेनची गोळी सांबरासही पुरून उरे. परंतु त्या मापाची काडतुसे बंडखोरांच्या हाती पडतील या भीतीने 1907 च्या सुमारास सरकारने .450 वर हिंदुस्थानात बंदी घातली. विलायती कारखानदारांनी लगोलग .465, .470 अशी मापे पुढे आणली. साहेबांचे अडले नाही. शेतकऱ्याला साधी बारा बोअर मिळाली तरी पुष्कळ. जिच्या नळीत बसणाऱ्या 12 शिसगोळ्या मिळून एक पौंड भरतो, ती बारा बोअर. बांबूच्या बेटात वीस-पंचवीस पावलांवर उठणाऱ्या डुकरास हीच जड, मंद गोळी योग्य, असे आमचे स्पष्ट मत आहे. .303 ची वेगवान गोळी चुकली तर मैलापलीकडे जाते, आणि इकडे अंधेरी-घाटकोपरची वस्ती वाढत होती.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने चितळ-सांबरांस अभय मिळाले. तोवर आमची खाचरेही इमारतींखाली जाऊ लागली होती.