नावाला कंस

१९८४ साली भीमेकाठच्या एका सजाचा तलाठी म्हणून चार्ज घेतला, तेव्हा आधीच्या भाऊसाहेबांनी तीन गावांचं दप्तर माझ्यापुढे ठेवलं आणि यादीवर सही घेतली. लाल कापडात बांधलेली पुस्तकं, कोपरे उंदरांनी कुरतडलेले. गाव नमुना १ पासून २१ पर्यंत. एसटीत चढताना ते म्हणाले, "बाकी सगळं विसरलास तरी चालंल, पेन्सिल विसरू नको."

हल्ली सरकारी पोर्टल कसं सोपं असावं, सगळीकडे एकसारखं कसं दिसावं, यावर बरंच बोललं जातं. मी ऐकतो आणि मला ते दप्तर आठवतं. नमुना ६ म्हणजे फेरफार, ८अ म्हणजे खातं, १४ म्हणजे पाण्याची साधनं. २० म्हणजे पोस्टाची तिकिटं. हो, सरकारी पाकिटांना लावलेल्या तिकिटांचीसुद्धा वेगळी वही. नवा तलाठी हसायचा, पण राज्यातल्या कुठल्याही सजात बदली झाली तरी तिकिटं विसाव्या वहीतच सापडायची.

ही शिस्त फार जुनी नाही. माझे आजोबा कुळकर्ण्याच्या वाड्यावर जायचे तेव्हा नोंदी मोडीत असायच्या. अक्षर ज्याचं त्याचं, मांडणीही ज्याची त्याची. कुळकर्ण्याने वाचून दाखवलं ते खरं. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१८ मध्ये कुळकर्णी वतनं काढून पगारी तलाठी नेमले. आमच्याकडे, मुंबई इलाख्यात, वतनं जायला १९५०चा कायदा यावा लागला. मात्र नमुन्यांची घडी त्याच्या आधीच बसली होती. आमच्याच भागात, इंदापूर तालुक्यात, १८३५च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी शेतं नव्याने मोजून, जमिनीची प्रत बघून शेतसाऱ्याचा आकार बसवला. पुढे साऱ्या इलाख्याची मोजणी याच पद्धतीने झाली. साखळी ३३ फुटांची, तिचे आणे १६. साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद जमीन म्हणजे गुंठा, आणि ४० गुंठ्यांचा एकर. शेतं कागदावर आली, पण ती कोणाची हे नीट लिहायला १९०३चा हक्कनोंदणीचा कायदा लागला. मग एफ. जी. एच. अँडरसन या आयसीएस अधिकाऱ्याने गाव, तालुका आणि जिल्हा यांच्या सगळ्या महसुली हिशेबांचं एक पुस्तक केलं. त्याला आम्ही नुसतं 'अँडरसन' म्हणायचो. कचेरीत वाद झाला की कोणीतरी म्हणायचं, "अँडरसन काढ."

त्यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे सातवा आणि बारावा नमुना एकाच कागदावर आणणं. वरती जमीन कोणाची, कुळ कोण, बोजा कसला. खाली त्या वर्षी काय पेरलं आणि पाणी कशाचं. मालकी आणि पीक एका नजरेत. कागदाचं नाव कोणी ठेवलं नाही, लोकांनी आकडेच नाव म्हणून उचलले. आमच्या आईला अक्षरओळख नव्हती, पण 'सातबारा' हा शब्द तिच्या तोंडात शंभरदा असायचा. मुंबई राज्य मोडून गुजरात वेगळं झालं, तरी तिथला शेतकरी आजही सात-बारचा उतारा मागतो. मराठवाड्यात निजामाच्या वेळची पद्धत होती, १९५४च्या सुमाराचं खासरा पत्रक तिथे अजून पुराव्याला काढतात. विदर्भाची रीत आणखी वेगळी. १९६६च्या जमीन महसूल अधिनियमाने आणि १९७१च्या नियमांनी या सगळ्यांवर एकच साचा बसवला.

आता पेन्सिल.

कोणी जमीन विकली किंवा कोणी वारलं की आधी सहाव्या वहीत फेरफार धरायचा. नोटिसा काढायच्या, पंधरा दिवस हरकतीची वाट पाहायची, मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करणार. तोवर सातबारावर पेन्सिलीने बारीक फेरफार क्रमांक. मंजुरी झाली की शाई. नवं नाव शाईने लिहायचं आणि जुन्या नावाला कंस करायचा. खोडायचं नाही. कंसातलं नाव वाचता आलं पाहिजे, कारण जमीन कोणाकडून आली ते कोर्टात विचारतात. गावात माणूस गेला की तेराव्यानंतर कोणीतरी येऊन म्हणायचं, "भाऊसाहेब, आमच्या आबांना कंस करायचाय." मी पुष्कळ माणसांना कंस केलेत.

कागदाचे दोषही कागदाएवढेच जुने. बाराव्या नमुन्याचे रकाने दहा वर्षांत भरायचे, मग सगळं पुस्तक नव्याने उतरवायचं. याला पुनर्लेखन म्हणत. उन्हाळ्यात, कंदिलाखाली, हजारभर नावं. एकदा माझ्या हातून चार भावांतल्या तिसऱ्याचं नाव उतरवायचं राहिलं. त्याला ते सहा वर्षांनी कळलं, सोसायटीचं कर्ज मागायला गेला तेव्हा. महसूल अधिनियमाच्या कलम १५५ खाली दुरुस्ती झाली, पण तो मला रस्त्यात भेटला की अजून वर बघत नाही. दुसरा दोष संक्षेपांचा. 'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान पालन कर्ता, नाव लहान मुलाचं आणि पालक आई. पुनर्लेखनात हे जसंच्या तसं उतरत जायचं. मी एका साठीच्या पैलवानाचा सातबारा पाहिलाय, त्यावर तो अजून अज्ञान होता आणि त्याला सांभाळणारी आई जाऊन वीस वर्षं झाली होती.

संगणक आला तो या सगळ्याच्या अंगावर आला. तालुक्याला पोरांना बसवून पुस्तकं टंकून घेतली. आम्हाला वाटलं, नमुना ठरलेला आहे, रकाने छापील आहेत, अवघड काय? अवघड निघाली आमची सवय. गट नंबर १२चा पोटहिस्सा एका गावात १२/१/अ, दुसऱ्यात १२/१अ, तिसऱ्यात १२ अ १. माणसाच्या डोळ्याला तिन्ही एकच, यंत्राला तीन शेतं. एक तलाठी हेक्टर-आर लिहायचा, दुसरा जुन्या पानावरून एकर-गुंठे उचलायचा, आणि शेतकरी तर आजही आरला गुंठाच म्हणतो. तो फार चुकत नाही, एक गुंठा म्हणजे एक आर आणि वर थोडंसं. पण त्या थोड्याशात बेरीज बिघडते. समासात लिहिलेलं 'तोंडी वाटप, बांध कायम' हे कुठल्या रकान्यात घालायचं?

फेरफार ऑनलाइन गेले, त्या ई-फेरफारच्या वेळी खरी परीक्षा झाली. खातेदारांच्या क्षेत्रांची बेरीज गटाच्या एकूण क्षेत्राशी जुळली पाहिजे, एवढं एकच साधं गणित यंत्राने विचारलं. न जुळणाऱ्या गटांची यादी छापून आली तेव्हा मंडळ अधिकारी खुर्चीत बसले आणि पाणी मागितलं. पन्नास-साठ वर्षं आम्ही ती बेरीज केलीच नव्हती! दिवसा सर्व्हर हलायचा नाही, म्हणून रात्री दोनला उठून दुरुस्त्या करायच्या. बायको म्हणायची, रात्री पाणी धरायला शेतकरी उठतात, तुम्ही काय धरता?

२०१७च्या उन्हाळ्यात चावडी वाचन झालं. मारुतीच्या पारावर बसून गावचे सातबारे मोठ्याने वाचायचे, ज्याचं चुकलं असेल त्याने हात वर करायचा. इतक्या वर्षांच्या नोकरीत मला ते सगळ्यात शहाणपणाचं काम वाटलं. पडद्यावर तपासून जे सापडलं नव्हतं ते एका म्हातारीने ऐकून काढलं: "माझं नाव कुठाय? मी बी मालकांची बायकू, त्यांच्या मागं थोरलीचं नाव वाचलंस, माझं न्हाई." तिचं नाव नव्हतं, तरी यंत्र बेरीज जुळली म्हणून खूश होतं.

१ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. कुठूनही काढा, तलाठ्याची गाठ नको. मला वाटलं, लोक हुरळून जातील. पहिला माणूस कागद उलटा-सुलटा करून म्हणाला, "शिक्का कुठंय?" एका बँकेतही तेच विचारलं, आणि तो परत माझ्याकडे आला. मी शिक्का मारून दिला. नियमाने त्याची गरज नव्हती. पण माणूस पंधरा किलोमीटर आला होता.

माझ्या निवृत्तीनंतर, २०२०च्या सप्टेंबरात, नमुन्याचं रूप बदललं. गावाच्या नावापुढे संकेतांक आला, नावासमोर खाते क्रमांक आला, प्रलंबित फेरफार वेगळा दिसू लागला. माझी पेन्सिल तिथे आहे, फक्त छापील झाली. जुने निकाली फेरफार शेवटी गेले, दोन नावांमध्ये रेघ आली. हे ज्यांनी ठरवलं त्यांनी सातबारा वाचताना बोट कुठे अडखळतं ते पाहिलं असणार. एकच गोष्ट मला रुचली नाही. गेलेल्यांच्या नावाला आता कंस नाही, आडवी रेघ मारतात. वाचायला बरं पडतं, मान्य. तरी रेघ ती रेघच.

बाराव्या नमुन्याची गंमत निराळी. पीकपाहणी शेतावर जाऊन करायची, असं अँडरसनही सांगतो. खरं काय व्हायचं ते सगळ्यांना ठाऊक आहे: चावडीत बसून गेल्या साली काय होतं ते यंदाला लावायचं. माझ्या दप्तरात असे ऊस होते जे तोडून तीन वर्षं झाली होती. २०२१च्या १५ ऑगस्टपासून ई-पीक पाहणी आली आणि शेतकऱ्याच्याच हातात बारावा नमुना गेला. शेतात उभं राहून फोटो काढायचा.

परवा सून बांधावर उभी होती, फोन उंच धरून. रेंज येत-जात होती. मी बाजूला, हातात नुसती काठी. तिने विचारलं, "बाबा, सिंचनाचं साधन विचारतंय. विहीर टाकू का बोअर? आणि क्षेत्र किती, आपण तिकडचं ढेकळाचं रान धरायचं का?"

मी म्हटलं, "पोटखराब आहे ते. ते नको धरू." आणि मग सवयीने खिशात पेन्सिल चाचपली.