अंकोटकाची चौऱ्याऐंशी आणि खंडेराव मार्केट

बडोद्याचे अकोटा हे आज विश्वामित्रीच्या पश्चिमेचे एक उपनगर आहे. तेथील नागरिकाला महानगरपालिकेच्या मुख्य कचेरीत गाऱ्हाणे न्यायचे, तर नदी ओलांडून खंडेराव मार्केटच्या इमारतीत यावे लागते. बाराशे वर्षांपूर्वी मात्र कारभाराचा ओघ उलट दिशेने वाहत होता.

राष्ट्रकूटांच्या लाट शाखेतील कर्क सुवर्णवर्ष याचा शके ७३४, म्हणजे इ. स. ८१२ च्या सुमाराचा ताम्रपट प्रसिद्ध आहे. त्यात दान दिलेले 'वडपद्रक' हे गाव अंकोटकाच्या ८४ गावांच्या गटात मोडते. वडपद्रक म्हणजे बडोदे आणि अंकोटक म्हणजे अकोटा. आजचे महानगर तेव्हा आजच्या उपनगराच्या अधिकारक्षेत्रातील एक खेडे होते.

राष्ट्रकूटांच्या दानपत्रांतील आज्ञा ग्रामकूट, महत्तर अशा स्थानिक कारभाऱ्यांना उद्देशून असत. आपला 'म्हातारा' हा शब्द या 'महत्तरा'शीच नाते सांगतो. राजाच्या दानाची वार्ता अशी गावातील जाणत्यांपर्यंतही पोहोचवली जाई. अकोट्याच्या भूमीतून १९५१ मध्ये जैन कांस्यमूर्तींचा मोठा साठा हाती आला. देवतांची रूपे अशी धातूत टिकली. अंकोटकाच्या सत्तेची खूण राहिली ती तांब्याच्या पत्र्यावर.

दुसरे टोक विसाव्या शतकारंभीचे. आपल्या राज्यकारभाराला २५ वर्षे झाल्याच्या निमित्ताने सयाजीराव महाराजांनी १९०६ च्या सुमारास, पूर्वाधिकारी खंडेराव महाराजांच्या नावाने, ही भव्य बाजार-इमारत उभारून नगरपालिकेस दिली. १९४९ मध्ये बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि पुढील वर्षी नगरपालिकेची महानगरपालिका झाली, तरी वास्तू तीच राहिली. घुमटांखाली कचेरी आणि मागील अंगास फुलांचा व भाजीचा बाजार, हा शेजार अनेकांना विसंगत वाटतो. मला तो अर्थपूर्ण वाटतो. दिवाबत्ती, पाणी, सफाई, बाजाराची शिस्त हेच तर नगरपालिकेचे मूळ विषय. त्यांवर निर्णय घेणाऱ्यांच्या कानी भाजीवाल्यांचा गलबला पडत राहिला, तर त्यात गैर काय?

आपल्याकडील गावचावडीचे मर्मही हेच होते. चावडी ही इमारत म्हणून क्वचितच देखणी असे. पण तेथे चाललेले बोलणे येणाऱ्या-जाणाऱ्यास ऐकू येई. गावकऱ्यांसमोर जमिनीच्या नोंदी मोठ्याने वाचण्याच्या पद्धतीस आजही 'चावडीवाचन' म्हणतात. नोंद दप्तरात असणे पुरेसे नाही, ती चारचौघांत ऐकली गेली पाहिजे, हा त्यामागचा विचार.

शहरे वाढली की कचेऱ्याही विस्तारणारच. सभागृहे प्रशस्त झाली, वातानुकूलित झाली, याबद्दल तक्रार नाही. मात्र जाड भिंतींबरोबर ऐकू येणेही थांबले, तर 'स्थानिक' हे विशेषण नावापुरते उरेल. सत्तेचे आसन नदीच्या कोणत्या तीरावर असावे, हे काळ ठरवतो; अंकोटकाचे आसन त्यानेच हलवले. दार कोणासाठी उघडे ठेवायचे, हे मात्र आत बसणाऱ्यांच्या हाती असते, आणि त्यांना तेथे पाठवणाऱ्या आपल्याही.