साकाईची बाटली आणि आपला कचरा डेपो

गेल्या आठवड्यात तिघांनी मला एकच व्हिडिओ पाठवला. जपानमध्ये प्लॅस्टिक खाणारा जीवाणू सापडला, आता कचऱ्याचं टेन्शन संपलं म्हणे. एकाने खाली लिहिलं होतं, "भाऊ, आपल्या डेपोवर पण सोडा की दोन पिंप." मला हसू आलं नाही. कारण 2016 साली हीच बातमी मी स्वतः 'प्लॅस्टिकचा काळ आला' असा मथळा देऊन लावली होती. मूळ संशोधन काय, हे न वाचता. ती चूक माझीच, म्हणून आज जरा सविस्तर लिहितो.

पाण्याच्या बाटलीचं प्लॅस्टिक म्हणजे पेट. ते 1941 साली इंग्लंडमध्ये व्हिनफिल्ड आणि डिक्सन या दोघांनी शोधलं, ते बाटलीसाठी नाही, धाग्यासाठी. आपल्या वडिलांच्या पिढीने मिरवलेला टेरिलीनचा शर्ट आठवा, तो याच रसायनाचा. बाटली बरीच नंतरची. अमेरिकेत नॅथॅनिएल वायेथ यांना तिचं पेटंट मिळालं 1973 मध्ये.

आता साकाई. हे ओसाकाजवळचं बंदराचं शहर. तिथल्या बाटल्यांचा पुनर्वापर करणाऱ्या कारखान्याच्या आवारातून कोहेई ओदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माती, गाळ, सांडपाणी असे 250 नमुने गोळा केले. एकेका नमुन्यात पेटची पातळ पट्टी ठेवायची आणि वाट बघत बसायचं. एका नमुन्यातल्या पट्टीवर जीवाणूंचा थर धरला आणि पट्टी झिजू लागली. त्यातून वेगळा काढलेला जीवाणू म्हणजे आयडिओनेला साकाएन्सिस, नावातच गाव आलं. मार्च 2016 मध्ये 'सायन्स'मध्ये हे छापून आलं.

हा गडी पट्टीला चिकटतो आणि एक विकर बाहेर सोडतो. ते प्लॅस्टिकच्या लांब साखळीचे तुकडे करतं. दुसरं विकर त्या तुकड्यांचे आणखी बारीक घटक करतं आणि त्यावर जीवाणूचं पोट भरतं. पण पातळ, मऊ पट्टी संपायला 30 अंश तापमानात सहा आठवडे लागले. बाटलीचं पेट ओढून-ताणून घट्ट केलेलं असतं, ते याला सहज पचत नाही. माझ्या मथळ्यात यातलं काहीच नव्हतं.

गंमत म्हणजे खरी मजल मारली ती दुसऱ्याच एका विकराने. ओसाकातल्याच संशोधकांना ते पालापाचोळ्याच्या खतात सापडलं होतं, 2012 साली. पानावर मेणासारखी साल असते, ती कुजवण्याच्या कामाचं ते विकर. फ्रान्समध्ये त्यात बदल केले आणि 2020 मध्ये दाखवलं की 72 अंशांवर दहा तासांत 90 टक्के पेट सुटं होतं. तेही आधी दळून तयार केलेलं, बंद टाकीत. म्हणजे हा कारखाना झाला, डेपोवर शिंपडायचं पाणी नव्हे.

आता आपल्या डेपोवर या. मी परवा सकाळी दोन तास तिथे होतो. बाटल्या जवळपास नव्हत्याच! कचरा वेचणाऱ्या बायका त्या आधीच उचलतात, भंगारवाला किलोवर पैसे देतो. मागे उरतात त्या पातळ पिशव्या, गुटख्याच्या पुड्या (बंदी 2012 पासून आहे, पुड्या मात्र आहेत), वेफर्सची चकचकीत पाकिटं आणि शेतातून आलेला मल्चिंग पेपर. पिशव्या आणि मल्चिंग पेपर पॉलिथिनचे. त्याची साखळी नुसती कार्बनची, पेटसारखा कापायला सोपा सांधा तिच्यात नाही. पाकिटं तर वेगवेगळे थर एकमेकांना चिकटवलेली. साकाईचा जीवाणू इथे सोडला तरी उपाशीच राहील. तो जे खातो ते आपल्याकडे आधीच विकलं जातं, आणि जे विकलं जात नाही त्याला खाणारा अजून या कामाचा झालेला नाही.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण वेगळं आहे. प्लॅस्टिक जिरवणारी 'कल्चर पावडर' खरेदी करण्याचा विषय नगरपरिषदेच्या पुढच्या सभेत येतोय असं कानावर आहे. घंटागाडीत ओला-सुका वेगळा घ्यायला माणसं नाहीत, पण पावडरला पैसे आहेत. सभेला जे नगरसेवक बसतील त्यांनी चारच गोष्टी विचाराव्यात: कोणतं प्लॅस्टिक, किती दिवसांत, किती तापमानाला, आणि आधीचं-नंतरचं वजन कोण करणार? उत्तरं लेखी मागा. मी सभेला असेन, मिळाली तर इथेच जशीच्या तशी टाकतो.