मत, यंत्र आणि यादी

२०२४ च्या मे महिन्यात, लोकसभेच्या मतदानाला आठवडाही उरला नसताना, छत्रपती संभाजीनगरात पोलिसांनी एका लष्करी जवानाला पकडले. मतदानयंत्रात चिप बसवून हवा तो निकाल लावून देतो, असे सांगून त्याने शिवसेनेच्या ठाकरे गटाचे नेते अंबादास दानवे यांच्याकडे अडीच कोटी रुपये मागितले होते. तपासात निघाले ते एवढेच, की यंत्राचे ज्ञान त्याला नव्हते. डोक्यावर कर्ज मात्र होते.

प्रश्न असा, की अशी थाप विकता येईल असे त्याला का वाटावे? मत हिरावले जाते, हा येथील माणसाचा जुना अनुभव आहे म्हणून.

१९१९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी साउथबरो समितीपुढे अस्पृश्यांच्या प्रतिनिधित्वाचा प्रश्न मांडला, तेव्हा मत मालमत्तेला होते, माणसाला नव्हते. मराठवाडा तर १९४८ पर्यंत निजामी राजवटीत होता. येथील गावकुसाबाहेरच्या माणसाला प्रौढ मताधिकार लाभला तो १९५१-५२ च्या निवडणुकीत. पण मत मिळाले म्हणून ते सुरक्षित झाले नाही. मतदान केंद्रे बळकावण्याचा प्रकार देशात इतका बोकाळला, की १९८९ च्या कायदादुरुस्तीत तो गुन्हा म्हणून नोंदवावा लागला. त्याच दुरुस्तीने मतदानयंत्राला कायद्याचा आधार दिला. यंत्र आले ते लाठीच्या पार्श्वभूमीवर, हे विसरून चालणार नाही.

म्हणून यंत्रापुढे हात जोडावेत असेही नव्हे. २०१० साली मुंबईहून मिळवलेले एक यंत्र उघडून, ते हाती लागले तर त्यात फेरफार करता येतो, असे संशोधकांनी दाखवले. आयोगाने ते मानले नाही आणि त्यांच्यापैकी एकाला अटक झाली. पण २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने कागदी चिठ्ठीची गरज मान्य केली. संशय घेणारे होते, म्हणूनच कागद परत आला.

आज धोका दुसऱ्या दाराने येत आहे. मतदानयंत्र इंटरनेटला जोडलेले नसते. मतदार नोंदणी मात्र जोडलेली आहे. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीआधी चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा मतदारसंघात ६,००० हून अधिक बोगस ऑनलाइन अर्ज आढळले. ते फेटाळले गेले, गुन्हाही नोंदवला गेला. परंतु नाव घालण्याचा अर्ज जसा करता येतो, तसाच वगळण्याचाही करता येतो. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाचे नाव 'स्थलांतरित' म्हणून गळले, तर त्याला ते कळणार मतदानाच्या दिवशी, केंद्राच्या दारात.

यंत्राविषयी भाषणे पुष्कळ होतात. वस्तीत बसून मतदारयादी मोठ्याने वाचण्याचे काम मात्र कोणी अंगावर घेत नाही. ते काम आपले आहे आणि ते निवडणूक जाहीर होण्यापूर्वीच व्हायला हवे.